ओढा बोलावतोय

"नवं म्हणजे कितवं?" तिएन-फूने बॅग खाली ठेवत विचारलं.

"एकोणिसावं," मान-ची म्हणाली. "पण बाबा, हे वेगळं आहे. आज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, आपल्याच गल्लीत. तुम्ही फक्त बाहेर येऊन उभे राहा."

"गातंय कोण?"

"ते तुम्हीच बघा."

म्हातारा पुटपुटत चपला काढू लागला. दोन आठवडे ह्वालिएनला बहिणीकडे राहून तो नुकताच घरी टेकला होता, आणि आल्या आल्या लेकीने हे काढलं होतं. आपल्या गाण्याचं नवं रूप म्हटलं की तो आधी कानांवर हात ठेवायचा.

गाणं त्याने अडतिसाव्या वर्षी रचलं होतं. गल्लीमागच्या ओढ्यात तेव्हा लोक वाटेल ते टाकत, मोडक्या खुर्च्या, माशांची डोकी, एकदा तर अख्खं मेलेलं डुक्कर. गाण्यात ओढाच हाक मारतो, 'बाहेर या, बाहेर या, मला काय काय दिलंत ते बघा.' पुढे ते साऱ्या तैवानभर झालं. तैपेच्या पोरांनी त्यात एवढे ढोल बडवले की ओढ्याला पूर आल्यासारखं वाटलं. एका जपानी गायिकेने ओढ्याचा प्रियकर केला. शाळेच्या वृंदगानात बाईंनी डुक्कर गाळलं, ते तिएन-फूला सगळ्यांत जास्त झोंबलं. दर वेळी कुणीतरी परवानगीचा कागद आणी, हा न वाचता सही ठोकी आणि गाणं ऐकल्यावर शिव्या घाली. मागच्या महिन्यातला कागद तर मान-चीच घेऊन आली होती, नगरपालिकेच्या कचेरीतून परस्पर.

खरं दुखणं मात्र निराळंच होतं. गाणं पहिल्यांदा म्हटलं ते याच गल्लीत, रस्त्याच्या मधोमध उभं राहून, हातात गोल पोटाची चंद्रवीणा घेऊन. तीन कडवी झाली, पण एक दार उघडलं नाही. शाळेपासूनचा दोस्त, शी-मू न्हावी, त्याने तर डोळ्यांदेखत दुकानाचं शटर ओढून घेतलं. तिएन-फू घरी आला आणि बायकोला म्हणाला, "या गल्लीतली माणसं माझ्या गाण्यासाठी घराबाहेर पडतील, त्या दिवशी वाजवीन. तोवर नाही." चौतीस वर्षं वीणा खुंटीवर होती. बायको तिच्यावरची धूळ पुसायची. ती गेल्यावर मान-ची पुसू लागली. सगळं जग गात होतं, एक हाच गप्प होता.

दुपारी तो कोपऱ्यावर काओ वहिनींकडे शेवयांचं सूप प्यायला गेला.

"आलात का भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "तुमचं गाणं आता तोंडपाठ झालं बरं का मला."

तिएन-फूच्या खायच्या काड्या वाटीतच राहिल्या. "कुठलं गाणं?"

"आता कुठलं म्हणजे? ओढ्याचं. बुधवार-रविवार सोडला तर रोज ऐकतोय की आम्ही. परवा भर पावसात धावत गेले. चुकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत जिवाला नुसता घोर."

म्हाताऱ्याने सूप तसंच टाकलं आणि तडक शी-मूचं दुकान गाठलं.

"तू पण ऐकतोस म्हणे माझं गाणं."

"ऐकतो? वात आणलाय लेका तुझ्या गाण्यानं," शी-मू वस्तऱ्याला धार लावत म्हणाला. "काल गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच सोडून पळालो. सगळी गल्ली पळते. आमची ही तर पाचदहा मिनिटं आधीच जाऊन उभी राहते."

"थट्टा करतोस."

"संध्याकाळी ये की. डोळ्यांनीच बघ."

घराकडे चालताना तिएन-फूला आपलं वय आठवेना. देवळाच्या अंगणात कुणीतरी रोज गात असणार, गुणी माणूस असणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. त्याने वीणा खुंटीवरून उतरवली, नव्या तारा चढवल्या, पांढरा शर्ट घातला. बोटं आखडली होती, पण चाल विसरली नव्हती. बायको आज असायला हवी होती, असं त्याला फार वाटलं.

सात वाजून नऊ मिनिटांनी तो जुन्याच जागी, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मान-ची कडेला उभी राहून हसत होती.

आणि वळणापलीकडून सूर आले. ढोल नाहीत, प्रियकर नाही, शब्दसुद्धा नाहीत. नुसती त्याची चाल, किणकिणती आणि साधी, जशी त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आली होती तशीच.

काओ वहिनींचं दार उघडलं. मग समोरचं. मग वरच्या मजल्यांवरून धाडधाड पावलं उतरू लागली. कुणी पायजम्यात, कुणी ओल्या केसांनी, शी-मूचं गिऱ्हाईक गळ्यात फडकं बांधलेलं. हातातलं खाली ठेवायचंही कुणाला भान नव्हतं, जो तो जे हाती होतं ते घेऊनच आला होता. घरं रिकामी झाली. तिएन-फूचे डोळे भरून आले, समोरचे चेहरे तेवढे लकाकताना दिसू लागले.

त्याने वीणा छातीशी धरली आणि तार छेडली. चौतीस वर्षांनी त्याचा आवाज फुटला, "बाहेर या, बाहेर या..." क्षणभर सगळे चपापले. मग काओ वहिनींनी सूर धरला, मागोमाग शी-मूने, बेसूर पण मनापासून, आणि बघता बघता सगळी गल्ली गाऊ लागली. डुकराचं कडवंसुद्धा कुणी सोडलं नाही. इतका आनंद म्हाताऱ्याला लग्नातही झाला नव्हता.

गाणं संपलं. त्याच्या पाठीवर पिवळा उजेड पडला होता. मागून, जरा उंचावरून, कुणीतरी आदबीने खाकरलं.

"वाजवता झकास, आजोबा," ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "पण आता गाडीला वाट द्या. पुढे अजून चार गल्ल्या आपापला कचरा घेऊन उभ्या आहेत."