बाद नमुना

दगड कापायच्या कारखान्यात त्याला सगळे पैलवान म्हणत, पण हल्ली जिना चढताना तो दोनदा थांबायचा. संशोधक बाईंनी सकाळी त्याच्या कॉलरला धूळ मोजायचं छोटं यंत्र अडकवलं होतं. संध्याकाळी उघडलं, तर आतला फिल्टर नव्यासारखा कोरा, धुळीचा कणही नाही. “दिवसभर काढून ठेवलं होतं का?” “छे हो ताई. महागाची वस्तू, धुळीनं खराब व्हायची. म्हणून माझ्या नाकाचा रुमाल त्यालाच बांधला. तळहातावरच्या फोडासारखं जपलंय.” बाईंनी फॉर्मवर ‘नमुना बाद’ लिहिलं आणि धुळीनं कडक झालेल्या रुमालासाठी हात पुढे केला. “हा तपासायला नेते.” “कशाला? घरी गेलो की बायको कपड्यांसोबत झटकून धुते. रोजचंच आहे.” मग बाईंनी पिशवीतून दुसरा फॉर्म काढला. “वहिनींना खोकला आहे?” “आहे की. पण ती कुठे कारखान्यात येते?”