धोंड्यातलं हेलिकॉप्टर

"पड रे बाबा एकदाचं!" भिकन मनातल्या मनात देवाला साकडं घालत होता. पण हेलिकॉप्टर काही पडेना. तोताराम आबांच्या खळ्यात ते पुरुषभर उंचीवर घोंघावत होतं, लालचुटूक, मांजराएवढं, आणि निम्मं गाव माना वर करून बघत होतं. रिमोट लोटनच्या हातात. लोटन म्हणजे भिकनचा साडू, आबांचा धाकटा जावई, मस्कतहून रजेवर आलेला. भिकनची बायको मंजुळा तर लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होती. इतकी खूश ती स्वतःच्या लग्नातही झाली नव्हती, असं भिकनला वाटलं आणि त्याच्या पोटात आणखीच दुखायला लागलं.

धोंड्याचा महिना, म्हणजे जावयांच्या मानाचा अधिक मास. आबांना दोन मुलीच, त्यामुळे दोन्ही जावई जेवायला बोलावलेले. पण मान कोणाला? सकाळी सासूबाईंनी लोटनचे पाय ऊन पाण्याने धुतले, पाटाभोवती रांगोळी घातली, नवं धोतर-उपरणं दिलं. तेव्हा भिकन कुठे होता? विहिरीवर! मोटार बंद पडली म्हणून आबांनीच पिटाळलं होतं. "भिकन, जाय रे, देख जरासं." धुळ्यात त्याचं जळक्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान. बारा वर्षं झाली, आबांच्या घरी काहीही बिघडलं की निरोप त्यालाच. मोटार बघ, बियाणं आण, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. ग्रीसचे हात धुऊन तो आला तोवर पहिली पंगत उठली होती. खापरावरची पुरणपोळी त्याच्याही ताटात पडली, आमरसही पडला, पण रांगोळी पायांनी पुसली गेलेली. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

हेलिकॉप्टर खाली उतरलं. त्याच्या पायांना लोटनने आडव्या काड्या बांधून टोकांना चेंडू बसवले होते, कलंडू नये म्हणून.

"शिकाऊ माणसाला हे लागतंच, भाऊ," लोटन घाम पुसत म्हणाला. "मला तरी कुठे नीट जमतंय अजून? एकदा आपटलं की पंखे, मधला दांडा, शेपटी, सगळंच जातं. तिकडे दोनदा मोडलं. जेवढ्याला घेतलं, जवळजवळ तेवढेच दुरुस्तीत गेले."

भिकनने त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. दोनदा मोडलं. म्हणजे हाही कच्चाच की!

"आणा इकडे," तो म्हणाला. "आणि त्या कुबड्या सोडा आधी. माझी हयात मोटारी खोलण्यात गेली. हे तर खेळणं."

लोटन घुटमळला. पण थोरल्या साडूला चार लोकांत नाही कसं म्हणायचं? त्याने काड्या सोडल्या. "वीतभरच उचला, भाऊ. आणि त्याचं तोंड आपल्याकडे फिरलं ना, की डावं-उजवं उलटं होतं, तेवढं फक्त..." भिकनचं लक्ष होतं कुठे? तो मंजुळाकडे बघत होता. बघ म्हणावं आता!

त्याने रिमोट घेऊन दांडी रेटली. हेलिकॉप्टर भर्रकन उठलं ते थेट लिंबाच्या शेंड्यापर्यंत. "वा रे पाव्हना!" कोणीतरी ओरडलं आणि भिकनची छाती फुगली. मग हेलिकॉप्टरने गिरकी घेतली आणि त्याच्याकडेच तोंड करून आलं. त्याने डावीकडे वळवलं, ते उजवीकडे गेलं. घाबरून आणखी डावीकडे रेटलं, ते आणखी उजवीकडे पळालं आणि खळ्याच्या दगडी कुंपणावर जाऊन आपटलं. पंख्यांच्या चिंधड्या झाल्या, शेपटी वेगळी झाली. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मंजुळाने पदर तोंडाला लावला.

"असू द्या, भाऊ," लोटन तुकडे गोळा करत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण वावगा शब्द काढला नाही. दुरुस्तीला किती लागतील, हे आबांनीच खोदून खोदून विचारलं. पाच हजार! तेवढ्यात गोठ्यात एक शेळी उभी राहिली असती. आबा घरात गेले आणि रुमालात बांधलेले पैसे घेऊन आले.

"जवाईनी चीज मना खळामा तुटनी," ते म्हणाले. "भरपाई मनी. धोंडाना महिनामा नही म्हनू नका, लोटनराव."

लोटनने हात जोडले, नको नको म्हटलं, पण शेवटी घ्यावेच लागले. भिकनला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. लाज वाटत होतीच. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा जळफळाट मोठा होता. मोडलं मी, आणि मान पुन्हा ह्याचाच! आता त्या मोडक्या हेलिकॉप्टरला ओवाळा म्हणावं!

लोक पांगले. आबांनी भिकनला गोठ्याकडे बोलावलं.

"पाच हजार मना एकलाकडथून नही झेपाव, भिकन," ते हळूच म्हणाले. "निम्मा तू दे. दिवाईले दिधा तरी चाली."

भिकनच्या मस्तकात तिडीक गेली. मुलीच्या घरचं पाणीही न पिणारा हा म्हातारा! जावयाची दमडी शिवायची नाही, हे त्याचं ब्रीद गावाला ठाऊक. आणि आज, ऐन धोंड्यात, असा पाणउतारा?

"जावयाकडे पैसे मागता, आबा?" त्याचा आवाज चिरकला. "लोटनकडे मागितले असते का हो? छाती झाली असती का तुमची?"

आबांना प्रश्नच समजला नव्हता.

"लोटनराव तर जवाई शेतस रे," ते म्हणाले. "जवाईपुढे कसा हात पसरू? मना पोटना पोऱ्या तू एकलाच शे."