मास्रेकाची वाट

शिंगं वाजली तेव्हा अदोमचा म्हातारा राजा साम्ला अखेरच्या दुखण्यानं अंथरुणावर पडून होता. नव्या राजाला, रहोबोथच्या शौलाला, लोक राजधानीच्या, बस्राच्या, मोठ्या वेशीतून आत आणत होते. अदोमात राजाचा मुलगा गादीवर बसत नाही. सरदार दुसऱ्या गावचा माणूस निवडतात. पण निदान पहिला मरेपर्यंत थांबतात.

सरदार अल्वा आत आला आणि उशाशी टेकवलेल्या राजभाल्याकडे बघत उभा राहिला.

"अजून श्वास चालू आहे माझा, अल्वा."

"म्हणूनच आलो, महाराज. मेलेल्या हातातून ओढून घ्यायची पाळी नको. लुटारू मिद्यानी टोळ्या काही तुमच्यासाठी थांबायच्या नाहीत."

"घेऊन जा. मला फक्त एक गाढव दे. घरी जातो, मास्रेकाला. द्राक्षं तोडणीला आली असतील."

अल्वानं राणीकडे पाहिलं. "तिम्नाबाई, तुम्ही सांगितलं नाहीत?"

तिम्ना पुसलेलंच भांडं पुन्हा पुसत राहिली.

"काय सांगायचं होतं?" साम्लानं विचारलं.

"गेल्या अमावास्येला मिद्यानी मास्रेकात शिरले. वेली तोडल्या, घरं पेटवली. अडवणार कोण? गावचे सगळे गडी तुम्ही इथं राखणीला आणून ठेवलेले."

अल्वा भाला घेऊन गेला, तेही साम्लाला कळलं नाही. मग तो तिम्नाला म्हणाला, "तरी जाऊ."

तिम्नानं त्याला घोंगडीत गुंडाळलं, गाढवावर बसवलं आणि मागच्या दारानं गावाबाहेर काढलं. सगळी बस्रा शौलाकडे लोटली होती. दाराशी एकटा पहारेकरी होता. त्यानं राजाला ओळखलं नाही.

"म्हाताऱ्याला घेऊन कुठं निघालीस, अक्का?"

"मास्रेकाला. आमचं गाव."

"माझंही." त्यानं खाली पाहिलं. "राजानं आम्हाला इथं उभं केलं. मागं कुणी उरलं नाही म्हणतात. मला सोडत नाहीत, नाहीतर कधीच गेलो असतो."

त्यानं त्यांची पाण्याची रिकामी कातडी मसक आपल्या मडक्यातून भरून दिली. मग साम्लाच्या कानाशी वाकला.

"आजोबा, वरच्या विहिरीपाशी एक हाक मारून बघाल? माझी धाकटी लेक लपायला तिथंच पळायची. यरीमा नाव तिचं. जरा मोठ्यानं मारा, तिला ऐकू कमी येतं."

साम्लाला काहीतरी सांगून टाकायचं होतं. तोंडातून तेवढंच निघालं, "यरीमा."

उताराला लागल्यावरही तो ते नाव पुटपुटत होता. पहिल्या वळणावर पुटपुटणं थांबलं, आणि श्वासही. तिम्नानं त्याची लवंडलेली मान घोंगडीत नीट टेकवली, गाढव हाकललं आणि ते नाव स्वतः घेत चालू लागली.