काकांचा गज

काकांनी गज उगारला आणि शाळेतून आलेली पुतणी दप्तरासकट मध्ये येऊन उभी राहिली.

शिलाई मशीनमागच्या चिंध्यांच्या ढिगात काळा साप वेटोळं घालून पडला होता. अंगावर पांढरे पट्टे. काकू इस्त्रीच्या टेबलावर चढून बसल्या होत्या. हा मण्यारच असणार, याचं चावलेलं कळतसुद्धा नाही, माणूस झोपेतच जातो, असं त्या तिसऱ्यांदा सांगत होत्या.

कापड मोजायचा तो लाकडी गज पूर्वी दिसेल त्या सापावर पडायचा. मग तिने आठवडाभर अबोला धरून घराकडून नियम कबूल करून घेतला. बिनविषारी असेल तर दार, विषारी असेल तर गज. ठरवणार ती. नियमाचा पहिला अर्धा तिने जिंकला होता. दुसरा अर्धा, विषारी सापाला मारायचा, तिला अजून सलत होता.

"बोला डॉक्टरीणबाई," काका म्हणाले. "दार की गज?"

तिने डोकं पाहिलंच नाही. शेपटीकडचे पट्टे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग एवढंच म्हणाली, "मागे सरका, काका."

काका हसले. म्हणजे कवड्याच, मागच्या खेपेसारखा, बिनविषारी, असं त्यांनी काकूंना परस्पर सांगून टाकलं आणि गज मशीनला टेकवला. मागचा कवड्या तिने ओंजळीत धरून कुंपणापलीकडे सोडला होता आणि पुढे महिनाभर ती शाळेत मिरवली होती. आज मात्र तिने कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची लांब नळी ओढून काढली, एका टोकाला चिंध्यांचा बोळा कोंबला आणि दुसरं टोक लांबूनच सापापुढे सरकवलं.

काकांना ते बघवेना. मागच्या वेळची वाघीण आज मांजर कशी झाली, शाळेत जाऊन सांगू का, असं त्यांचं सुरू झालं. साप वेटोळ्यात तोंड खुपसून गप्प पडला होता.

"हा तर नव्या नवरीसारखा लाजतोय," म्हणत काका वाकले आणि त्यांनी हात पुढे केला.

गज सटकन त्यांच्या मनगटावर बसला.

काकूंनी आ वासला. या घरात काकांवर कुणी आवाजसुद्धा चढवत नसे. काका मनगट चोळत, लालबुंद होऊन, हिच्या बापाला बोलवा म्हणू लागले. तिने वर पाहिलं नाही. गजाच्या टोकाने ती एकेक चिंधी बाजूला करत राहिली. अंगावर उजेड आला तसा साप हलला, अंधार शोधत नळीत शिरला, पार शेपटीपर्यंत. तिने गजानेच दुसरा बोळा नळीच्या तोंडाशी घट्ट दाबला.

"साध्या कवड्यासाठी काकाला मारलंस?" काका ओरडले.

तिने गज काखेत घट्ट धरला.

"काकू बरोबर होत्या, हा मण्यार आहे," ती म्हणाली. "कवड्याचे पट्टे शेपटीकडे पुसट होत जातात, याचे नाहीत. सर्पमित्राला फोन लावा. गज मी देणार नाही."