एका हाताने लिहायचं चिन्ह

"हे नाही चालणार," भावोजी म्हणाले आणि छोट्याने तासभर डोकं खाजवून शोधलेलं चिन्ह त्यांनी पडद्यावरून पुसून टाकलं.

छोट्या चौतीस वर्षांचा होता, पण ताईने ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं. तो आणि ताईचा नवरा मिळून एक नवी प्रोग्रामिंग भाषा बनवत होते. दर रविवारी सकाळी तो ताईकडे यायचा आणि दोघं जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे. भाषा जवळजवळ तयार होती. राहिली होती ती चिन्हं. बेरजेला अधिक असतं, तसं दोन याद्या एकत्र जोडायला काय असावं, यावर गेले तीन रविवार गाडी अडली होती.

"+|+ मध्ये वाईट काय आहे? बघताक्षणी कळतं, इकडचं तिकडे जोडलंय."

"टाइप करायला दोन हात लागतात. @@ ठेवू. नुसत्या डाव्या हाताने होतं."

"लोकांना दोन हात असतात, भावोजी."

उजवा हात मांडीवर ठेवून भावोजी डाव्या हाताने @@ लिहीत राहिले. हेका म्हणजे हेका.

छोट्याचं तसंही आज चिन्हांत लक्ष नव्हतं. येताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला थांबवलं होतं. "तुमच्या ताईकडे भांडी आदळतात हो. मग कुणीतरी कळवळतं. मग एकदम चिडीचूप. तुम्ही भाऊ ना? बघा जरा."

तो बघत होता. बेडरूमच्या दारावर मुठीएवढा खळगा पडला होता. ताई चहा ठेवायला आली, तेव्हा तिच्या बोटांच्या सांध्यांवरचं कातडं सोललेलं दिसलं.

"काय झालं गं हे?"

"किसणी लागली," ती म्हणाली.

भावोजी बोलता बोलता थांबले होते. ती तिथे असेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"ताई, तूच सांग. यातलं कुठलं बरं दिसतं?"

ताईने पडद्याकडे पाहिलं. "तुझं."

"मग तेच ठेवू," भावोजी लगेच म्हणाले.

तीन रविवारांचा हेका एका शब्दात संपला. बायकोच्या भावासमोर हा साळसूदपणा, छोट्याच्या मनात आलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लहानपणी छोट्याला शाळेत कुणी हात लावला, की ताई त्या पोराला बडवून यायची. एकाचं तर मनगट पिरगळून मोडलं होतं तिने. आई नव्हती, जे काय होतं ते ताईच होती. आता पाळी त्याची होती.

ताईने आतून हाक मारली. भावोजी उठून स्वयंपाकघरात गेले. दार लोटलं गेलं. मग धप्प असा आवाज आला आणि त्यामागून दाबलेलं कण्हणं.

छोट्याने लाथेने दार उघडलं. ताई ओट्याला टेकून उभी होती, धापा टाकत, एक मूठ दुसऱ्या हातात घट्ट धरून. भावोजी वाकून जमिनीवरचं लाटणं उचलत होते.

विचार करायला तो थांबलाच नाही. पहिल्या ठोशाने भावोजींचा जबडा एका बाजूला फिरला. दुसऱ्याने ओठ फाटला. कॉलर धरून त्याने त्यांना फ्रिजवर आपटलं; वरची काचेची बरणी खाली येऊन फुटली. ते त्या काचांतच कोसळले, तशा त्याने बरगड्यांत लाथा घातल्या.

"माझ्या बहिणीवर हात टाकतोस? बोल ना."

भावोजींनी हातही उगारला नाही. गुडघे पोटाशी, कोपरं डोक्याभोवती, श्वास रोखलेला. सवय असल्यासारखे ते क्षणात आखडून गेले होते. फरशीवर रक्ताचा ओघळ ओट्याखालपर्यंत पोचला.

छोट्याने केसांना धरून त्यांचा चेहरा वर ओढला आणि मूठ मागे नेली.

ताईने मागून येऊन ती मूठ हळूच धरली. तिची धाप आता ओसरली होती.

"तोंडावर नको रे, छोट्या," ती मायेने म्हणाली. "मी कधी तोंडावर मारत नाही. लोकांना दिसतं."