वरची वीत

उत्खननाचे साहेब तंबूबाहेर बसून अहवाल मोठ्याने वाचत होते. "भाताच्या रोपांसाठी राब भाजून भाजून डोंगरातल्या लोकांनी इथलं जंगल संपवलं."

टोपली घेऊन खड्ड्यातून वर आलेली ठमी जागीच थांबली. चौसष्ट सालचा एप्रिल होता. घरी राब, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, भाजायचा बाकी होता आणि हा अहवाल मुंबईला गेला की राबावर बंदी येणार, हे मजुरांच्या कानावर आलं होतं.

मासवणच्या तळ्याकाठी जुनी वस्ती सापडली होती. महिनाभर ठमी तिथला काळा गाळ उपसत होती. चिंचणीच्या चुरीबाई तो थराथराने बाटल्यांत भरत, औषधात धुऊन भिंगाखाली पाहत. एकदा त्यांनी ठमीलाही पाहू दिलं होतं. दिसले ते परागकण, सागाच्या फुलांची धूळ. गाळात हवा शिरली नाही, म्हणून ही धूळ हजारो वर्षं कुजली नव्हती.

ठमीने टोपली खाली ठेवली आणि बाईंना विचारलं, जळल्याचा कोळसा किती खोल सापडला?

"तळापासून वरपर्यंत."

"नि सागाची धूळ?"

"तीही तळापासून. फक्त वरच्या वीतभर, अलीकडच्या शंभरेक वर्षांच्या गाळात नाही."

त्याच वितीत दारूच्या बाटल्यांच्या काचा निघाल्या होत्या. रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडासाठी डोंगरातला साग तोडणाऱ्या ठेकेदारांचा मुक्काम इथेच असायचा, असं ठमीचा आजा सांगे.

"इतकी वर्सं आमी भाजत होतो, तवा जंगल होतं," ठमी साहेबांना म्हणाली. "मंग या एका वितीत कोनी खाल्लं?"

साहेब म्हणाले, मजुरांच्या गोष्टी अहवालात घालत नसतात. चुरीबाईंनी आपले आकडे पुढे केले. साहेबांनी कागद न पाहताच बाजूला सारला. वरून जे मागितलंय ते लिहिलंय, बाईंनी सही करावी, एवढंच ते बोलले.

बाईंनी पेन उघडलं, शेवटच्या पानावरचं स्वतःचं नाव खोडलं आणि अहवाल साहेबांसमोर ठेवला. निदान या खोट्याला आपलं नाव नको, असं त्या पुटपुटल्या.

ठमीने तो अहवाल उचलला आणि पुन्हा बाईंच्या हातात दिला.

"नाव कशाला खोडतेस, बाय? लिवलंय ते खोड."