लॉजची पायरी

फ्रीमेसन बंधुसंघाच्या लॉजच्या, म्हणजे सभागृहाच्या, दारात तलवार घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्यानं दिघे वकिलांना अडवलं. "डॉक्टर बारपांडे आधीच आत बसलेत, साहेब."

दिघे चरफडले. ज्याच्याशी वैर आहे तो सभासद आत असेल, तर आपण आत पाऊल टाकायचं नाही, हा मेसन मंडळींचा जुना नियम. कुंपणाच्या भिंतीवरून दोघा शेजाऱ्यांचं बिनसल्यापासून जो आधी पोचेल तो आत, दुसरा घरी. पण आज लॉजची शताब्दी होती, आणि तिथं वाचला जाणारा इतिहास दिघ्यांनीच लिहिला होता!

ते तणतणत पायरीवर बसले. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. "जा आत. मी थांबतो."

"तुझ्या मेहेरबानीवर? मुळीच नाही."

"मग मर इथंच!" डॉक्टरही पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. "मी आत गेलो, तर ‘डॉक्टरनं मला हाकललं’ म्हणून गावभर बोंबलत फिरशील."

दार लागलं. आतून दिघ्यांच्या इतिहासातलं शेवटचं वाक्य खणखणीत ऐकू आलं, "शंभर वर्षांत या वास्तूत भांडणाला कधीही थारा मिळालेला नाही."

आत टाळ्या कडाडल्या. बाहेर दिघ्यांनी डॉक्टरांकडे पाठ फिरवली.